सारजाचा खांदा

भांडणात हरायची वेळ आली की माझ्या बायकोचा, सारजाचा, उजवा खांदा निखळायचा.

सोंग नव्हतं, खरंच निखळायचा. पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षी पोखर्णीच्या माळावर लोकर कातरताना एडक्यानं तिच्या हाताला हिसका दिला, तिथून हे सुरू झालं. पुढं तर हात मागं नेऊन जरा मुरडला की हाड बाहेर. कळ यायची, पण जात्यावरून सुटका व्हायची. माझ्या आईनं पायलीभर ज्वारी पुढं सरकवली की ही म्हणायची, "आत्याबाई, निसटला बगा."

मग मला हाक. तिला भुईवर निजवायचं, काखेत टाच लावायची आणि मनगट धरून हळूहळू ओढायचं. खट् वाजलं की बसला. गावात माझं नाव झालं, मीही फुगलो. पाणवठ्यावर ती बायांना सांगायची, "आमचे लाथ घालतेत, पर आधी हात धरतेत."

एकदा मी तिला न विचारता तिचा बोकड विकला. ती भांडली, मी ऐकेना. तिनं उभ्या उभ्या खांदा काढला. "काय बगायलाव? बसवा, अन् बोकड माघारी आणा."

आणला.

पुढं मात्र नुसतं वरचं गाडगं काढायला गेली तरी खांदा निसटायचा, आणि बसवला तरी टिकायचा नाही. परभणीच्या डॉक्टरनं हाडाचा फोटो काढून उजेडाला धरला. "खोबणीची कड झिजली. बशीची कड फुटल्यावर कप घसरणारच. दर खेपेला थोडं थोडं हाड गेलंय. आता हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर कामातून जाईल."

सारजा म्हणाली, "मग भांडणात म्या काय करावं?"

"नवऱ्यानं हरावं," डॉक्टर म्हणाले.

ती हसली. मला हसू येईना. दर खेपेला बसवून मिरवणारा मीच होतो.

तेव्हापासून तिचा अंबाडा मी घालायला लागलो. मेंढरं राखणाऱ्या गड्यानं बायकोचे केस विंचरावेत, गाव दात काढायचं. ती आरशात बघून म्हणायची, "वाकडा हाय. मेंढी कातरायलाव का?" चाळीस वर्षांत एकदाही सरळ म्हणाली नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. सवाष्ण म्हणून बाया तिला सजवत होत्या. त्यांनी फणी घेतली तेव्हा मी म्हटलं, सरका. अंबाडा मीच घातला. लय सरळ आला. तरी थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघत बसलो, काहीतरी म्हणेल म्हणून.