पुसलेली खापरी

इतिहासाच्या तासाला आज माझा सहावीचा वर्ग प्राचीन ग्रीसमधलं अथेन्स झाला होता. तिथले लोक नकोशा माणसाचं नाव खापरीवर कोरत आणि ज्याला जास्त मतं, तो गावाबाहेर. मुलांनी फुटक्या माठाच्या खापऱ्या आणल्या. एरवी याच खापऱ्या टाकून मुलं लंगडी घालत ठिकरी खेळतात. कोरायला खिळे कुठून द्यायचे, म्हणून मी खडू वाटले.

मतं मोजताना एक खापरी कोरी निघाली. कोरी कसली, थुंकी लावून पुसलेली. पांढुरका डाग अजून ओलाच होता.

"कुणाची रे ही?"

सायली उभी राहिली. "माझी, बाई. राघवचं नाव लिहिलं होतं. सारखा वेण्या ओढतो."

"मग पुसलंस का?"

"गावाबाहेर गेला तर डबा कुणाबरोबर खाईल तो?"

वर्ग खो खो हसला. मी हातातल्या पुस्तकातलं अथेन्सच्या खापऱ्यांचं चित्र बघत राहिले. खोल कोरलेली ती नावं हजारो वर्षांनीही वाचता येतात. राग असा टिकतो. ज्यांचा हात ऐनवेळी मागे आला, त्यांच्या खापऱ्या कुणाला सापडणार?

मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, तर सायलीची खापरी ठिकरीच्या चौकोनात पडली होती आणि राघव लंगडी घालत ती उचलायला निघाला होता.