डाव्या हाताची सवय

सात डिसेंबर, रविवार. सकाळी अंगणात मोटरसायकलच्या चेनला तेल देत होते. साडेसहाशे सीसीची, लांबच्या प्रवासाची गाडी. मनगट मोडल्यापासून नवऱ्याला ती पेलत नव्हती आणि सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. मी घाट चढून-उतरून दाखवला तर गाडी राहणार, नाहीतर विकणार, असं आमचं ठरलं होतं. लायसन्स काढून महिनाभर इचोड्याच्या आसपास मी ती चालवली होती. घाट तेवढा बाकी होता.

उटनूरच्या बाजूला निघालो. नवरा मागे.

"हळू घे."

"तुमी नीट बसा. पुढचं मी पाहून राह्यली."

घाट लागला तशी गाडी खुशीत आली. दुसऱ्या गिअरवर वळणात शिरायचं, नजर वळणाच्या शेवटाला ठेवायची, की गाडी आपोआप तिकडे झुकते. दोन्ही बाजूंना साग सरकत होता. दरीकडे मी पाहिलंच नाही. वर पोचलो तेव्हा अजून चढ हवा होता असं वाटलं.

वरच्या टपरीवर चहावाली म्हणाली, "बाई, मागचं सामान इथंच ठेवा, गाडी हलकी होईल."

"सामान नाही, मालक हावो," नवरा म्हणाला.

"मालक पुढं बसते."

उतरताना तिसऱ्या वळणावर समोरून बस आली. मी डावा लिव्हर दाबला. पंधरा वर्षं स्कूटी चालवली, तिचा मागचा ब्रेक डाव्या हाताला. इथे त्या जागी क्लच. इंजिनाची पकड सुटली आणि गाडी उतारावर मोकळी धावली.

"डावा हात सोड," नवरा कानाशी म्हणाला. एवढंच.

सोडला. हिसका बसला, इंजिनाने गाडी धरली, उजव्या हाताने आणि पायाने बेताने ब्रेक लावला. बस हातभर अंतरावरून गेली. पुढची सगळी वळणं मी हसत घेतली.

खाली थांबलो.

"आता सांगा, इकायची का?" मी विचारलं.

"एकच वळण चुकली तू. मी याहून सोप्या वळणावर मनगट मोडून घेतलं."

"मंग गिऱ्हाईकाला काय सांगता?"

"तूच सांग. गाडी तुही हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गिऱ्हाईकाला फोन करून नाही म्हटलं. मग एकटीच घाटावर गेले आणि तोच उतार चार वेळा उतरले.