रिव्हर्सच्या हॉर्नची तार

माझी मान आता एकाच बाजूला वळते. पिकअप मागे घ्यायची तर तेवढ्यावर भागत नाही, म्हणून माझ्या मेहुण्याने शहागंजच्या बाजारातून मागचे दाखवणारा कॅमेरा आणला. एका सकाळी आम्ही दोघे म्हातारे दारातच तो बसवायला लागलो. नंबरप्लेटच्या वर कॅमेरा, स्टिअरिंगजवळ छोटा पडदा, आणि कॅमेऱ्याची लाल तार मागच्या रिव्हर्स दिव्याच्या तारेला जोडायची. म्हणजे रिव्हर्स टाकला की चित्र आपोआप दिसते. मेहुणा गाडीखाली शिरला. मी त्याला शिरू द्यायला नको होते.

दुष्काळाच्या वर्षांत आमची वसाहत नवी होती. ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, घरे उभी राहिली, नळ मात्र शहरातच थांबला. मी पिकअपवर टाकी बांधून ओळखीच्या विहिरीवरून गल्लीसाठी पाणी आणायचो. टाकीमुळे मागचे काही दिसत नसे. मेहुणा मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा आणि रिव्हर्स टाकला की हॉर्न एक धून वाजवायचा. ती ऐकली की सगळी गल्ली धावायची आणि आमच्या ड्रमला तळाचे गढूळ पाणी उरायचे. बायको त्यात तुरटी फिरवत बसायची. आधी आमचा ड्रम भरावा म्हणून एका दुपारी मी गुपचूप हॉर्नची तार कापली आणि टोकांना औषधाची चिकटपट्टी गुंडाळली. मेहुण्यालाही सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी गाडी मागे घेतली. नंबराला लावलेले हंडे वाटेत होते, आणि मेहुणा धुनेच्या भरवशावर पाठ करून ते बाजूला सरकवत होता. धून वाजलीच नाही. तो कसाबसा वाचला, हंडे चाकाखाली गेले. समोरच्या मावशींचा माहेरचा तांब्याचा हंडा ताटासारखा चपटा झाला. उभा जन्म मेंढरांमागे हिंडलेली बाई. तो हंडा तिने कुठे कुठे वागवला असेल.

"हॉर्न बिघडलाय," मी म्हणालो, "पण ह्यानं ओरडायला नको?"

तेव्हापासून मेहुण्याचे नाव हंडेमोड पडले. लग्नात तो दिसला की कुणीतरी म्हणायचे, पाण्याची भांडी आत घ्या. मीही हसायचो.

आता गाडीखालून आवाज आला. "दाजी, ही तार तुटलेली नाय. कापलेली हाय. वर चिकटपट्टी."

बायको चहा घेऊन आली होती. ती वाकली. "अगं बया, ही माझ्या डब्यातली. लई शोधली व्हती मी."

मेहुणा बाहेर आला. भुवयांवर माती. मला वाटले, आता शिव्या देईल.

"मला वाटायचं, मीच ओरडायला उशीर केला," एवढेच म्हणाला आणि परत खाली शिरला. कॅमेऱ्याची तार जोडली, हॉर्नचीही जोडली. "टाका रिव्हर्स."

गंजलेल्या गळ्याने धून वाजली. दारे उघडली. पडद्यावर बोटाएवढी माणसे जमली, मधोमध काठी टेकत मावशी. मी उतरलो आणि चिकटपट्टीसकट सगळे सांगितले.

मावशींनी मेहुण्याकडे पाहिले. "मंग तुला का म्हनत व्हतो रं आमी हंडेमोड?" उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या, स्टीलचा हंडा आणून गाडीच्या मागे ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता ये मागं. बघू तुझा टीव्ही. ह्या हंड्याला गाडी लागली तर ते नाव तुझं."

मी बसलो. पडद्यावर हंडा मोठा होत गेला. अजून लांब आहे की टेकलाच, काही कळेना. शेवटी खिडकीतून डोके काढले. "पाहुणं, किती ऱ्हायलं?"

मेहुणा हाताची घडी घालून उभा होता.

"टीव्हीला इचारा, दाजी."