मास्तरांच्या खिशातला फ्यूज

मास्तर गाडीत कधी लगेच बसायचे नाहीत. दार उघडायचे, वाकायचे आणि आधी वास घ्यायचे. शनिवार पेठेतल्या त्यांच्या कार-स्टिरिओच्या दुकानासमोर आम्ही आयटीवाले रांग लावून उभे असायचो आणि हा साठीचा गृहस्थ आमच्या नव्याकोऱ्या गाड्या मांजरासारखा हुंगत फिरायचा. मला हसू यायचं. गाण्यांच्या दुरुस्तीत वास कसला घ्यायचा?

माझ्या गाडीतला अँप्लिफायर तेव्हा विचित्र वागत होता. आवाज वाढवला की लाल दिवा लागायचा आणि सगळं चिडीचूप. दोन क्षणांनी आपोआप सुरू, की पुन्हा लाल दिवा. स्वतःला वाचवायला तो असा बंद होतो, एवढं मलाही ठाऊक होतं. "मास्तर, अँप बिघडलाय, बदलून टाका," मी म्हणालो.

"बिघडलेला नाही, घाबरलेला आहे. कशाला घाबरलाय ते शोधू."

त्यांचं शोधणं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा. एकेक स्पीकर सोडवायचा, पुन्हा जोडायचा. मग मीटर लावून आधी बॅटरीपाशी व्होल्टेज बघायचं, मग अँपपाशी. बॅटरीपाशी भरपूर होतं. अँपपाशी मात्र आवाज वाढला की घसरायचं.

"मधे कुठेतरी वायर मरतेय. कार्पेट उचलावं लागेल. उद्या सकाळी आणा."

उद्या सकाळी आम्ही साताऱ्याला निघणार होतो. तसं सांगितल्यावर मास्तरांनी बॉनेट उघडलं, मुख्य वायरीचा फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "मग आल्यावर आणा. तोवर गाणी नाहीत." दोष सापडेपर्यंत फ्यूज गिऱ्हाइकाच्या हाती लागू द्यायचा नाही, ही त्यांची रीतच होती.

मी जाम भडकलो. गाडी माझी, फ्यूज माझा, आणि हे कोण माझी गाणी बंद करणारे? कर्वेनगरला घरी जाताना एका चकचकीत दुकानात थांबलो. तिथल्या माणसाने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली, अँपचं जोर कमी-जास्त करायचं बटण जरा मागे फिरवलं, आणि लाल दिवा लागायचा थांबला. वर मी मास्तरांना फोन करून ऐकवलं, "झालं हो काम, अर्ध्या तासात."

"फ्यूज कोणता घातला?"

"फ्यूज कशाला? तार टाकलीय."

पलीकडून फोन बंद झाला. म्हातारा रुसला, असं मी बायकोला सांगितलं.

सकाळी सामान भरलं. चार वर्षांची मुग्धा मागच्या सीटवर झोपली होती. बायको कुलूप लावायला वर गेली म्हणून मी गाणं मोठ्याने लावून बसलो, तेवढ्यात वहीतल्या पत्त्यावरून मास्तरांची स्कूटर सोसायटीत शिरली. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकले, हुंगलं.

"मुलीला बाहेर घ्या. आत्ता."

मी तिला उचललं. मास्तरांनी बॅटरीची वायर उपटली, मग पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं. सीटच्या पट्टीत वायर चेपली होती, आत दोन-तीन तारा शिल्लक होत्या, आणि कार्पेटची खालची बाजू तळहाताएवढी जळून काळी पडली होती. हात लावला तर चटका बसला. बरोबर त्याच्यावर मुग्धाच्या चपला होत्या.

"अर्ध्या तासात झालं म्हणालात ना? आम्हाला तीस वर्षांत जमलं नाही," मास्तर म्हणाले. खाली आलेल्या बायकोने त्यांना पायरीवर बसवून पाणी दिलं. "एकदा गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून मी फ्यूज हातात दिला होता," ते म्हणाले.

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काही नाही. तेव्हापासून वास घेतो."

मास्तरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. माझा फ्यूज त्यांच्याकडेच राहिला, मागायला तोंड नव्हतं. फार आठवण येते त्यांची.

मुग्धा आता स्वतः गाडी चालवते. ती निघाली की मी दार उघडून वाकतो आणि हुंगतो. "काय हो बाबा," म्हणत ती हसते, आणि त्या मास्तरांनी आपल्याला कसं वाचवलं ते मैत्रिणींना रंगवून सांगते. ती तार मी टाकून घेतली होती, हे तिला अजून माहीत नाही.