सातजणींचा एक अर्ज
मुकुंदवाडीत आठवड्यातून एकदा नळ यायचा. त्या दिवशी पिंप भरायला आम्ही वर्गातल्या सात मुली आपापल्या घरी आणि आमचे भाऊ कॉलेजात. हजेरी कमी पडली, परीक्षेला बसू देणार नाही म्हणाले कॉलेजवाले, म्हणून सातजणींचा एकच अर्ज मी लिहिला.

समाजशास्त्राच्या सरांनी तो परत केला. "घरगुती अडचण ज्याची त्याची असते, बाई. मोर्चा आणलाय का?"

"पण सर, नळ समद्यांचा एकाच दिवशी येतो ना!"

पुढच्या आठवड्यात सरांनीच चाचणीत विचारलं, 'वैयक्तिक अडचण सामाजिक प्रश्न कधी ठरते? सोदाहरण लिहा.' मी तोच अर्ज उतरवला. सरांनी शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'उत्तम उदाहरण.'

हजेरी मात्र सातजणींनी सात वेगळे अर्ज दिल्यावरच मिळाली. कारण सगळ्यांचं एकच, घरगुती अडचण.