प्रसादाला न उठणारा माणूस

सानपाड्याच्या एका सोसायटीत लिफ्टच्या डक्टमध्ये पडून घरकाम करणारी बाई गेली, ती केस काही माझ्या मनातून जात नाही. लिफ्ट खाली होती आणि चौथ्या मजल्यावरचा दरवाजा उघडा. लोकांनी वॉचमनकडे बोट दाखवलं, कारण दरवाजाची चावी त्याच्याकडे असायची. मी त्याला अटक केली. दोन तास दम भरल्यावर तो रडत म्हणाला, "माझ्याच हातून उघडा राहिला असेल, साहेब." पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मला ठाऊक होतं. तरी मी समाधानानं चहा मागवला.

वीसेक दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "वॉचमनला कशाला धरलाय? लॉक बघा."

जाऊन पाहिलं. लिफ्ट जुनाट, पण चौथ्या मजल्याच्या दरवाजाचं लॉक कोरं करकरीत. पंचनाम्यात मीच 'लॉक सुस्थितीत' असं लिहून मोकळा झालो होतो.

देखभालीच्या मेकॅनिकला बोलावलं. तिशीचा, ख्रिस्ती, शांत माणूस. "लॉक बाई पडायच्या आधीच बदललेलं, साहेब. पेपर क्लियर आहेत." आवाज चढवला, उलटसुलट विचारलं, पण उत्तर तेच. गडी मुरलेला आहे, असं मी ठरवून टाकलं.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मला बघताच उठली.

"साहेब, याला काय झालंय ते तुमीच विचारा. तीन रविवार चर्चात मिस्सेला येतो, पण कम्युनियनला उठत नाय."

"म्हणजे?"

"मनावर मोठं पाप असलं की तो प्रसाद घ्यायचा नसतो. कोन अडवत नाय. ज्याचं त्यानंच थांबायचं."

मी आत गेलो. वॉचमन अजून कोठडीतच आहे, एवढंच मेकॅनिकला सांगितलं आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून आला. पिशवीतून जुनं, मोडकं लॉक काढून टेबलावर ठेवलं.

"हे खराब झालेलं. नवं बॅगेतच होतं. दुसरा कॉल उरकून बदलतो म्हटलं आणि लॉकला वायरनं बगल देऊन लिफ्ट चालू ठेवली. मग लिफ्ट खाली असली तरी दार उघडायचं. बाई पडल्यावर पहिला फोन मलाच आला. तुमी यायच्या आत नवं बसवलं. परवाचा फोनपण माझाच."

"फादरपुढे कन्फेशन करून सुटला असतास की," मी म्हणालो. "इथे आलास तर जेल आहे."

"गेलो होतो, दारातून परत फिरलो. देवाकडे माफी मागायची आणि तो बिचारा आत? आतून बोलतो तो देवच असतो, असं आमाला लहानपणापासून शिकवलंय. त्याला काय पेपर क्लियर दाखवू?"

त्याच्यावर गुन्हा दाखल केला. वॉचमनला सोडण्याचा रिपोर्ट कोर्टात दिला. त्यात 'नवीन पुरावा मिळाल्याने' असं लिहिलं. माझा पंचनामा आणि ते दोन तास, यांबद्दल एक अक्षर नाही. सुटल्यावर वॉचमन ठाण्यात आला आणि मलाच हात जोडून म्हणाला, "साहेब, उपकार झाले." मी मान हलवली आणि रजिस्टर पुढे ओढलं. त्याची मला आजही लाज वाटते.

भीतीपोटी माणूस काहीही कबूल करतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. नोकरीत कबुल्या पुष्कळ घेतल्या. देण्याची पाळी एकदाच आली होती, आणि मी गप्प बसलो.