मी पाडलेला गुण्या

माझ्या मोठ्या भावाची नजर चांगली आहे. हे ठासून सांगावं लागतंय, कारण दोन महिने ती गेली असं साऱ्या घराला वाटत होतं, आणि ती गेलेली नाही हे ठाऊक असलेला एकटा माणूस मी होतो. गप्प बसलो होतो.

दादा रायपुरात रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होता. रिटायर झाल्यावर त्यानं घरामागच्या शेडमध्ये फोटोफ्रेमचं काम सुरू केलं. पट्ट्या तिरप्या कापायला विजेचं मशीन घेतलं, तेही जुनं. कागदावर त्याचं नाव मायटर सॉ. आमच्याकडे नुसतं ‘कटर’. खाली फिरणारी पाटी, वर दांड्याला गोल पातं. पाटी पंचेचाळीस अंशांवर अडकावी म्हणून खाचा असतात, पण आमच्या मशीनच्या खाचा झिजलेल्या. म्हणून दादा रोज सकाळी गुण्या लावून कोन बसवायचा. गुण्या म्हणजे कोन मोजायचं लोखंडी माप, दादाचा खास पंचेचाळीस अंशांचा. एकदा डावीकडे लावायचा, मग उलटवून उजवीकडे.

त्याआधी प्लग. प्लग नुसता काढून भागत नसे. तो टेबलावर डोळ्यांपुढे ठेवायचा आणि त्यावर लाल फडकं टाकायचं. वॅगनखाली माणूस असताना लाल झेंडी लावतात, तसं. मग पात्याचा बोल्ट आवळलेला आहे का, पात्यावरचं गार्ड सोडल्याबरोबर खाली येतं का, त्याच्या स्प्रिंगमध्ये भुसा बसलाय का. कापताना हात पात्यापासून एक वीत लांब. पातं पूर्ण थांबल्याशिवाय दांडा वर करायचा नाही.

मी नव्या रायपुरात सरकारी कारकून. रविवारी मदतीला जायचो आणि कंटाळायचो.

“दादा, काल तं पाह्यलं होतं न सारं?”

“काल जेवला होता न बे तू? मंग आज काहून जेवून राहिला?”

तर विश्वकर्मा पूजेचा दिवस. त्या दिवशी मशीन चालत नाही. हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पुसायचं काम माझ्याकडे होतं. शेडमध्ये उकडत होतं, घाम आला होता, आणि पाठीच्या मधोमध, जिथं कुणाचाच हात पोचत नाही तिथं, खाज सुटली. हातात गुण्या होता. त्याच्याइतकं सोयीचं हत्यार देवानं दुसरं केलेलं नाही. मी डोळे मिटून खाजवत होतो, आणि तो निसटला. सिमेंटवर टोकावर पडला. टण्ण!

पूजेच्या दिवशी हत्यार पडणं अशुभ. वहिनी आरतीचं ताट घेऊन दारात आलेली. मी गुण्या उचलला, पाटावर ठेवला, आणि त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच कुंकू लावलं.

“काय पडलं, भाऊजी?”

“काही नाही वहिनी, डबा.”

पडलेला गुण्या जरासा हलतो, हे मला माहीत होतं. दादानंच शिकवलेलं. पण ऑफिसात माझी वीस वर्षं एका तत्त्वावर गेली: आपल्या टेबलावरून चूक गेली की बोलायचं नाही, पुढच्या टेबलावर ती दुसऱ्याची होते.

ती दादाची झाली. तो रोज सकाळी प्लग काढायचा, फडकं टाकायचा आणि अगदी मन लावून मशीन चुकीच्या कोनावर बसवायचा. चौकटीचे तीन कोपरे मिटले की चौथा तोंड वासायचा. दादा चष्मा पुसायचा. मग नवा चष्मा आणला. फट तशीच. वहिनीनं रोज गाजर सुरू केलं. किसून, उकडून, वरणात, एकदा पोह्यांतही. दादा मुकाट्यानं खायचा आणि मी, रविवारचा पाहुणा, ताटात मान घालून जेवायचो.

“वय झालं,” तो म्हणायचा. “नजर धोका देऊन राहिली.”

“हव, होतं असं,” मी म्हणायचो. माझं हे वाक्य मला अजून चावतं.

मग एका शाळेच्या ग्रुप फोटोंचं काम आलं. अकरा फ्रेम्स झाल्या, अकराही चौथ्या कोपऱ्यात उघड्या. बाराव्या फ्रेमच्या वेळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेलो, तर दादा पट्टीच्या टोकाची कागदाएवढी पातळ चकती काढायला बघत होता, फट मिटावी म्हणून. नीट दिसावं म्हणून तोंड पात्याशी नेलेलं. पट्टी अंगठ्यानं दाबलेली, आणि अंगठा पात्यापासून चार बोटंही लांब नव्हता. एक वीत म्हणणारा माझा दादा! पातं फिरत होतं. दचकवायची हिंमत झाली नाही. मी कप खाली ठेवला, भिंतीशी गेलो आणि बटण बंद केलं.

“काहून बंद केलं बे?”

“दादा, तुह्ये डोळे चांगले हायेत. गुण्या वाकडा हाये. पूजेच्या दिशी पुसताना मी पाडला होता.”

त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. “मले बरं वाटावं म्हणून खोटं बोलून राहिला न?”

आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि ते पटेना! वरून तो म्हणाला, “पुसता पुसता कसा पडंन? काही बी सांगतं.”

“पाठ खाजवून राहिलो होतो त्यानं.”

ते मात्र पटलं. इतकं लाजिरवाणं कुणी उगाच रचत नाही.

मी कोरा कागद घेतला, कोपऱ्यापासून शेजारच्या कडेवर कड बसवून तिरपी घडी घातली. ती बरोबर पंचेचाळीस अंशांची होते. त्यावर गुण्या ठेवला. टोकाशी उजेडाची बारीक रेघ. दादानं नवा चष्मा काढला, रेघ पाहिली. घातला, पाहिली. पुन्हा काढला.

“बिनाचष्म्याची दिसते बे,” तो हळूच म्हणाला. आणि मग वॅगनच्या शेडमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात मला जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनी धावत आली. तिलाही सगळं सांगावं लागलं, पाठीसकट.

“दोन महिने गाजर किसलं मी, भाऊजी,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आधी हसली की रडली, मला कळलं नाही.

नवा गुण्या आणायला तिघं एकाच ऑटोत सदर बाजारला गेलो. दुकानदारानं एक काढून दिला. दादानं घडी घातलेला कागद खिशातून काढला आणि डब्यातला एकेक गुण्या त्यावर ठेवून पाहू लागला.

“भैया,” दुकानदार वैतागला, “गुनिया ले रहे हो कि जमीन की रजिस्ट्री करा रहे हो?”

“पहले वाले की कहानी इनसे पूछो,” दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला. पूर्ण दुकानानं मान वळवली.

घरी येऊन त्यानं प्लग काढला, फडकं टाकलं, दोन्ही बाजूंचे कोन नव्यानं बसवले. चार पट्ट्या कापल्या, कोरड्याच जुळवल्या. चौथा कोपरा मिटला की नाही हे वहिनीनं वाकून पाहिलं आणि ती टाळी वाजवून ओरडली, त्यावरून मला समजलं. कापायला लागल्यापासून मी दादाच्या अंगठ्याकडेच पाहत होतो. तो पात्यापासून वीतभर लांब राहिला होता.

“पाहत काय बसला बे? त्या अकरा फ्रेमी उघड, नव्यानं कराच्या हायेत. सावकाश. काच फोडशीन.”

मी फरशीवर मांडी घातली आणि पहिली ओढून घेतली.